हमी कोणाची?

प्रश्न तसा अगदी साधा होता. २०२२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. रोह्याला एका आजारी वृद्धेस भेटण्यासाठी आम्ही पेण स्थानकावर गाडीची वाट पाहत उभे होतो. इतक्यात आमच्या परिचयातील एक तरुण लगबगीने आला. हाती दुकानदाराने दिलेला एक छापील कागद. नमस्कार करून त्याने लगेच विचारले, "फादर, कॅमेरा घेतोय. दुकानदार म्हणतो, दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्या. घेऊ की नको?"

हा तरुण छायाचित्रकार. हमरापूर, जोहे या गावांतील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत जाऊन तो व्यापाऱ्यांसाठी मूर्तींची छायाचित्रे काढतो आणि लग्नसराईत लग्नांची कामे घेतो. वडिलांचे धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी काम सुटलेले, धाकटी बहीण शिकत असलेली. कॅमेरा व लेन्स मिळून बहात्तर हजार रुपये, तेही हप्त्यांनी. उत्पादकाची हमी दोन वर्षांची होतीच. ती संपल्यावर आणखी दोन वर्षांचे संरक्षण देणाऱ्या कागदाची किंमत सहा हजार चारशे. रक्कम ऐकून आम्हांला वाटले, याचे उत्तर देणे काही अवघड नाही. गाडी आली, तोही नागोठण्यापर्यंत येणार होता. खिडकीशी बसून आम्ही त्याला हिशेब मांडून दाखवला.

वाचकहो, तो हिशेब येथे देतो, कारण पुढची सारी गोष्ट त्यावरच उभी आहे. समजा, असे दहा कॅमेरे विकले गेले आणि वाढीव मुदतीत त्यांपैकी एक बिघडला. दुरुस्तीला वीस हजार रुपये लागतात असे धरू. म्हणजे दर कॅमेऱ्यामागे धोक्याची किंमत झाली दोन हजार. तू भरणार सहा हजार चारशे. वरची चार हजार चारशे रुपयांची रक्कम विक्रेत्याचे कमिशन, कचेरीचा खर्च आणि नफा यांत जाणार. शिवाय यंत्रातील जन्मजात दोष बहुधा पहिल्या काही महिन्यांतच उघडे पडतात आणि झीज होऊन होणारे बिघाड पुष्कळ वर्षांनी येतात. वाढीव हमी विकली जाते ती नेमकी या दोहोंमधल्या निवांत काळासाठी. कागदाच्या मागील बाजूची बारीक अक्षरे आम्ही चष्मा लावून वाचली. पडझड, पाणी, वाळू, बुरशी हे सारे वगळलेले. ज्या मुलखात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे लेन्सला खरी भीती बुरशीची. ती वगळून उरलेल्या धोक्याची हमी हा कागद देत होता.

आम्ही एवढ्यावर थांबलो नाही. सेमिनरीत शिकलेले नीतिशास्त्र अशा वेळी हटकून आठवते. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिया'मध्ये खरेदीविक्रीतील फसवणुकीचा स्वतंत्र विचार केला आहे. विकत असलेल्या वस्तूत गुप्त दोष असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो उघड करणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे असे ते मांडतात. आम्ही त्या तरुणाला म्हणालो, "पाहा, दुकानदाराने अर्धा तास कॅमेऱ्याच्या मजबुतीचे गुण गायिले. पैसे ठरताच तो म्हणू लागला की कॅमेरा बिघडेल, कागद घ्या. यातले खरे कोणते? कॅमेरे किती बिघडतात हे त्याला ठाऊक आहे, तुला नाही. ते तो सांगत नाही, तुझी भीती मात्र विकतो." तरुण हसला. आम्ही शेवटी सांगितले, "हेच सहा हजार चारशे रुपये एका डब्यात टाक. कॅमेरा बिघडला तर दुरुस्तीला होतील, नाही बिघडला तर तुझेच राहतील." नागोठण्याला तो उतरला. त्याने कागद घेतला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये, ऐन लग्नसराईत, त्याच्या कॅमेऱ्याचे शटर अडकले. कॅमेरा पडला नव्हता, भिजला नव्हता, बुरशीही नव्हती. बिघाड यंत्रातलाच होता. उत्पादकाची हमी पाच महिन्यांपूर्वी संपलेली. दुरुस्तीचा अंदाज एकोणीस हजार पाचशे रुपयांचा आला. जो कागद आम्ही त्याला घेऊ दिला नाही, त्यात हा बिघाड नेमका बसत होता.

डब्याचे काय झाले, हे आम्ही विचारले. डब्यात पहिल्या वर्षी चार हजार जमले होते, ते बहिणीच्या प्रवेशाच्या वेळी गेले. हे सांगताना त्याचा स्वर अपराध्याचा होता. दोष त्याने आम्हांला दिला नाही. त्याची आई मात्र रविवारी मिस्सेनंतर थांबली आणि म्हणाली, "फादर, तुम्ही सांगितलंत म्हणून त्यानं तो कागद घेतला नाही." त्या बोलण्यात राग नव्हता, नुसती माहिती होती. म्हणूनच ते वाक्य अधिक लागले.

येथे प्रश्न उभा राहतो तो असा : आमचा सल्ला चुकला होता काय?

नीतिशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. निर्णयाचे मोल निर्णयाच्या क्षणी जे कळू शकत होते त्यावरून ठरते, पुढे जे घडले त्यावरून नव्हे. छत्री न घेता निघालेल्या माणसाला पाऊस लागला नाही म्हणून तो शहाणा ठरत नाही, आणि सोडतीचे तिकीट घेणाऱ्याला बक्षीस लागले म्हणून तिकीट घेणे हा सुज्ञपणा ठरत नाही. दहापैकी नऊ जणांच्या बाबतीत आमचा हिशेब बरोबर आला असता आणि ते नऊजण आम्हांला दुवा देत राहिले असते. दहावा आमच्यासमोर उभा होता, एवढेच. या युक्तिवादात खोट नाही. तरीही त्या रात्री तो आम्हांला पुरला नाही. बरोबर असूनही मन स्वस्थ नसेल, तर कुठे तरी एक पायरी सुटलेली असते.

ती पायरी शोधताना आम्हांला एका जुन्या गणितज्ञाचा आधार झाला. डॅनियल बर्नुली यांनी १७३८ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीच्या ग्रंथात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात कायस नावाचा एक कल्पित व्यापारी येतो. ॲमस्टरडॅमला घेतलेला त्याचा माल जहाजाने पीटर्सबर्गला यायचा आहे, तेथे त्याचे दहा हजार रूबल होतील. शंभरातली पाच जहाजे बुडतात असा अनुभव आहे. म्हणजे धोक्याची किंमत पाचशे रूबल, पण विमा मागतात आठशेचा. कायसने विमा उतरवावा काय? आमच्यासारखा हिशेबी माणूस म्हणेल, तीनशे रूबल जास्त जातात, उतरवू नये. बर्नुली म्हणतात, आधी सांगा, कायसच्या घरात आणखी किती पैसा आहे. तो सुमारे पाच हजार त्रेचाळीस रूबलांहून कमी असेल, तर विमा उतरवणे शहाणपणाचे. त्याहून जास्त असेल, तर नाही. जहाज तेच, समुद्र तोच, कागदही तोच. घेणाऱ्याची थैली बदलली की उत्तर बदलते, कारण श्रीमंताचे शंभर रुपये आणि गरिबाचे शंभर रुपये ही नावाने एक असली तरी वजनाने एक नसतात.

आमची चूक येथे होती. आम्ही हिशेब केला तो आमच्या थैलीने. आमच्या अंगावर हप्ते नाहीत. आमचा कॅमेरा बिघडला तर नाताळची छायाचित्रे दुसरा कोणी काढील, आमची पेज चुकणार नाही. त्या जागेवरून 'धोका पत्कर' असे सांगायला धैर्य लागत नाही. आमच्या प्रवचनांतही असे पुष्कळदा होत असावे.

मात्र सत्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही त्याची थैली समोर ठेवून पुन्हा हिशेब करून पाहिला. तरीही तो कागद महागच निघाला. कायसच्या विम्यात पाचशेच्या धोक्याला आठशे पडत होते, या कागदात दोन हजारांच्या धोक्याला सहा हजार चारशे. म्हणजे 'घेऊ नको' हे उत्तर बदलत नव्हते. मग चुकले काय? हे समजण्यासाठी विमा आणि हमी यांच्या मुळाशी थोडे जायला हवे.

विम्याचा सर्वांत जुना ज्ञात करार १३४७ सालचा, जिनोव्हा या इटलीतील बंदरातला. त्या आधीपासूनच ख्रिस्तसभेत धोक्याच्या मोबदल्याविषयी वाद होता. समुद्रावरील व्यापाऱ्याला कर्ज देऊन धोक्याच्या नावाखाली जास्त पैसे घेणे हे व्याजच होय, असा निर्णय तेराव्या शतकात पोप ग्रेगरी नववे यांनी दिला होता. पुढे सोळाव्या शतकात सालामांका येथील डोमिनिकन पंडित दोमिंगो दे सोतो यांच्यासारख्यांनी भेद केला. कर्जावर नफा घेणे वेगळे आणि दुसऱ्याचे संकट स्वतःच्या खांद्यावर घेणे वेगळे. खांदा देणे हे खरे काम आहे, त्याला न्याय्य मोल असू शकते. या भेदाचा गाभा आजही टिकून आहे. हमीचे मोल न्याय्य ठरते ते, घेणाऱ्याच्या खांद्यावरचे ओझे खरोखर देणाऱ्याच्या खांद्यावर गेले असेल तरच.

याचे मोठे उदाहरण रोह्याच्या वाटेवर आठवावे, हे योग्यच. चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. १९५२ साली ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. ते अर्थमंत्री असताना, जानेवारी १९५६ मध्ये, आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला. देशी, परदेशी कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून दोनशे पंचेचाळीस विमासंस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. त्यापूर्वीच, जुलैमध्ये, मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडले होते. मिळवता माणूस गेला तर मागे राहिलेल्यांचे काय, हे असे संकट आहे की ते एका घराला पेलत नाही. ते लाखो घरांनी मिळून पेलायचे असते. अशा विम्याला आम्ही कधीही 'घेऊ नको' म्हणणार नाही. कॅमेऱ्याच्या कागदावरही शब्द तेच असतात, हमी, संरक्षण, निश्चिंती. फरक असा की तेथे न पेलणारे संकट वाटून घेतले जाते, येथे बहुतेकांना पेलणाऱ्या खर्चाची भीती विकली जाते.

आणि कागदाला मर्यादा असते, हे पेणकरांना कोणी सांगायला नको. सप्टेंबर २०१० मध्ये पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि हजारो कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकली. त्या काळी ठेवीवरील विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. १९९३ पासून ती तेवढीच होती, २०२० मध्ये ती पाच लाखांवर गेली. निवृत्तीचे सारे पैसे एकाच पुस्तकात ठेवलेल्या माणसाला, आपल्या हमीचा कुंपणाचा दगड कोठे रोवला आहे, हे बँक अडकल्यावर समजले. हमी नव्हती असे नाही. त्याला ज्या हानीची धास्ती होती, ती कुंपणाबाहेर राहिली होती.

हाच प्रश्न आम्ही त्या तरुणाला गाडीत विचारायला हवा होता. तुला नेमकी कशाची भीती वाटते? आम्ही तो विचारला नाही. धोक्याची किंमत काढली, धोक्याचे नाव विचारले नाही. २०२५ च्या मे महिन्यात तो विचारला, तेव्हा तो म्हणाला, "फादर, वीस हजारांचं मी कसंही जमवीन. पण कॅमेरा महिनाभर दुरुस्तीला राहिला. भाड्याच्या कॅमेऱ्याला दिवसाला बाराशे. दोन लग्नं हातची गेली. तो माणूस पुढच्या वर्षी मला बोलावणार नाही." त्याची खरी भीती रिकाम्या दिवसांची होती. वाढीव हमीचा कागद आम्ही पुन्हा मागवून वाचला. दुरुस्तीच्या काळात दुसरा कॅमेरा देण्याविषयी त्यात एक ओळही नव्हती. म्हणजे कागद घेतला असता तर दुरुस्तीचा खर्च वाचला असता, हे खरे. पण ज्याने त्याची झोप उडाली होती, ते संकट तसेच राहिले असते.

आता आमच्या कबुलीचा भाग येतो, तो टाळता येत नाही. त्या एप्रिलमध्ये तो भाड्याचा कॅमेरा शोधत पनवेलपर्यंत फिरत होता, तेव्हा आमच्या धर्मग्रामाचा कॅमेरा चर्चमधील कपाटात पडून होता. नाताळ, ईस्टर, दृढीकरण, एवढ्याच प्रसंगी तो बाहेर निघे. तो त्याला द्यावा, हे आम्हांला महिनाभर सुचले नाही. त्याने मागितला नाही, कारण चर्चची वस्तू कशी मागावी असे त्याला वाटले. आम्ही दिला नाही, कारण आमच्या मनात तो कॅमेरा 'जपून ठेवायची वस्तू' होता. जूनमध्ये कपाट उघडले तेव्हा लेन्सच्या आत बुरशीचे पांढरे तंतू पसरले होते. कसर आणि जंग लागणाऱ्या संपत्तीविषयी आम्ही कितीदा प्रवचन केले असेल! आमच्या कपाटात ते प्रवचन आमच्यासाठीच लिहिले जात होते.

लूककृत शुभवर्तमानातील शोमरोन्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. जखमी माणसाला त्याने उचलले, जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, हे आपल्या लक्षात राहते. शेवटचा व्यवहार आपण घाईने वाचतो. तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि यापुढे जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन, असा शब्द देतो. विचार केला तर ही वाढीव हमीच आहे. तिला मुदत नाही, वगळलेल्या गोष्टींची यादी नाही, आगाऊ हप्ता जखमी माणसाने भरलेला नाही. आणि ती देणारा माणूस परत त्याच वाटेने येणार आहे. आम्ही त्या तरुणाला कागदापासून वाचवले आणि नागोठण्याला उतरू दिले. पुन्हा त्या वाटेने गेलो नाही. डब्यात किती जमले हे अडीच वर्षांत एकदाही विचारले नाही.

यावरून आमच्यापुरता निष्कर्ष असा की, दुसऱ्याला 'हमी विकत घेऊ नको' असे सांगणारा माणूस स्वतः त्या हमीचा एक लहानसा भाग होतो. सल्ला बरोबर असल्याने ही जबाबदारी संपत नाही. कागद महाग असतो, तो भीतीवर पोसलेला असतो, हे खरे. पण माणूस तो कागद का घेतो? बिघाड झाला तर आपल्या बाजूने कोणी उभे राहील, याची खात्री त्याला नसते म्हणून. कागद फाडायला सांगणाऱ्याने ती जागा रिकामी ठेवू नये. वडिलांनी मुलाला, मोठ्या भावाने धाकट्याला, शिक्षकाने विद्यार्थ्याला धोका पत्करायला सांगताना हा विचार करावा, असे आम्हांला वाटते. धर्मगुरूंनी तर अधिकच.

यावर कोणी म्हणेल, मग तर प्रत्येकाच्या नुकसानीला सल्लागाराने पैसे भरावे! तसे आमचे म्हणणे नाही. मोठ्या माणसाच्या निर्णयाचा भार त्याच्याकडून काढून घेणे हाही त्याचा अपमानच. तो तरुण आमच्याकडून दुरुस्तीचे पैसे घेण्यास तयार झाला नाही, आणि ते योग्यच होते. वाटून घ्यायचा असतो तो धोका, निर्णय नव्हे.

त्याप्रमाणे थोडे काही केले आहे. धर्मग्रामाच्या कॅमेऱ्याची लेन्स साफ करून घेतली. एका कोपऱ्यात डाग राहिला, पण कॅमेरा चालतो आणि सुदैवाने या तरुणाची लेन्स त्याला बसते. तो आता कपाटात नसतो. त्याच्यासारखी कामे करणारे या भागात आणखी दोघे आहेत, त्यांतला एक आमच्या धर्माचा नाही. ज्याचे यंत्र बिघडेल त्याने तो न्यावा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, काम झाल्यावर आणून द्यावा, असे ठरले आहे. तिघेही टपालखात्यात दरमहा तीनशे रुपयांची आवर्ती ठेव भरतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही 'भरले का?' एवढेच विचारतो. गेल्या पावसाळ्यात एकाचा हप्ता दोनदा चुकला. सबळ कारण होते. बाकीच्या दोघांनी तो भरला.

परवा तो तरुण पुन्हा आला. नवी लेन्स घ्यायची होती, दुकानात तोच प्रश्न, तसाच कागद. "घेऊ की नको?" या खेपेस आम्ही हिशेबाला बसलो नाही. त्याला विचारले, "लेन्स गेली तर तुझे नेमके काय जाईल? ते या कागदात लिहिले आहे का? आणि त्या दिवशी तुझ्याजवळ कोण असेल?" त्याने कागद उलटून बारीक अक्षरे वाचली. बुरशी वगळलेली होती, पाणी वगळलेले होते. तो म्हणाला, "नको वाटतं, फादर." आम्ही म्हणालो, "ठीक. मग डबा नीट बंद करायला सांग घरी, आणि रविवारी ये."